तांड्याचा कप्तान मीच

९ मे १८४५. मिसूरी नदीच्या पलीकडे.
तांड्याचा कप्तान म्हणून निवडून आलो. नव्या वस्तीला, पार पश्चिमेला ऑरेगॉनला पोचेपर्यंत एवढ्या सगळ्या बैलगाड्या आणि माणसं माझ्या हवाली. ओहायोत टोप्यांचं दुकान चालवलेल्या माणसाला लोकांची डोकी बरोबर कळतात. होसिया स्ट्राउडनं माझ्याविरुद्ध उभं राहण्याची हौस केली होती. जन्मभर डुकरं विकली, तोंडावर तेच तेज. पडला. हात मिळवायला गेलो तर म्हणतो, बघू किती दिवस टिकता. जळतोय लेकाचा.

संकल्प: कडक राहायचं, पण बापाच्या मायेनं.

११ मे.
पहिला हुकूम काढला. बैलांना शिव्या द्यायच्या नाहीत, तांड्यात बायकामुलं आहेत. सगळे गप्प राहिले. म्हणजे पटलं.

१२ मे.
बैल जागचे हलेनात. सकाळभर "चला राजे हो" करून पाहिलं. स्ट्राउड सगळ्यांसमोर विचारतो, कप्तानसाहेब, बैलांना हुकूम वाचून दाखवला नाहीत वाटतं? फिदीफिदी हसले सगळे. शिस्त अंगी मुरायला वेळ लागतो.

दुपारी माझ्याच बैलानं माझ्या पायावर पाय दिला. मी बोललो ती शिवी नव्हती, सूचना होती. आमची पर्मेलिया म्हणाली, अहो, सूचना जरा हळू द्या, पाद्रीणबाई ऐकतायत. पण ते ऐकून सगळ्यांनीच आपापल्या बैलांना सूचना दिल्या आणि तांडा भराभर निघाला. श्रेय माझंच.

३ जून. प्लॅट नदीचा काठ.
नजर जाईल तिथवर झाड नाही. बायका गव्यांच्या वाळक्या शेणी ओच्यात गोळा करताना दिसल्या. ताबडतोब हुकूम: शेणावर शिजलेलं अन्न या तांड्यात कोणी खाणार नाही. आपण ख्रिस्ती माणसं आहोत. मग काय, सगळ्यांनी खारवलेलं डुक्कर कच्चंच खाल्लं आणि पीठ पाण्यात कालवून गिळलं. स्ट्राउडची बायको मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, याच्या डोक्यात भरलंय तेच चुलीत घातलं तर महिनाभर पुरेल. बाई अडाणी. नवऱ्यावर गेली आहे.

४ जून.
न्याहारीला गरम पाव. कशावर भाजला ते पर्मेलियाला विचारलं नाही. कप्तानानं सगळ्याच बाबतीत लक्ष घालू नये.

१९ जून.
नदी ओलांडायची होती. इथल्या पॉनी जमातीच्या एका इंडियन माणसानं हातवारे करून खालच्या अंगाचा उतार दाखवला. स्वतः गुडघाभर पाण्यातून जाऊन परतही आला. डाव आहे हे मी तत्काळ ओळखलं. गाड्या वरच्या अंगानं घातल्या.

संध्याकाळ. स्ट्राउडची गाडी उलटली. हिवाळ्यापर्यंतचं पीठ नदीत गेलं. माणसं वाचली, पण त्याबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. दोष नदीचा, खापर माझ्या डोक्यावर. तो पॉनी माणूस काठावर बसून सगळं पाहत होता. त्याचा चेहरा पाहिला आणि माझा संशय पक्का झाला.

२० जून.
कोणी माझ्याशी बोलत नाही. दरारा बसला. पर्मेलिया म्हणाली, आपल्यातलं अर्धं पीठ स्ट्राउडांना देऊ या. म्हटलं, मुळीच नाही, त्यांना वाटेल चूक आपली होती. ती म्हणाली, त्यांना वाटायचं काही शिल्लक राहिलेलं नाही. आणि देऊन आली.

२१ जून.
स्ट्राउडनं फेरनिवडणूक मागितली. उद्या सकाळी. पद्धत सोपी: उमेदवारांनी माळावर दोन दिशांना चालू लागायचं, ज्याला जो हवा त्यानं त्याच्यामागे धावायचं. ज्याचं शेपूट लांब तो कप्तान. बरंच झालं. एकदाचं लोकांचं प्रेम उघड होऊ दे.

संकल्प: चालताना मागे वळून बघायचं नाही. पुढारी वळून बघत नाहीत.

२२ जून.
चाललो. ताठ मानेनं. आधी मागे बराच गलका, धावपळ. मग एकदम शांत. म्हटलं, शेवटी शिस्त मुरली. टेकाडापर्यंत गेलो. मागे पावलं वाजत होती, दमदार, एका तालात. तिथे मात्र राहवलं नाही. भाषण करावं म्हणून वळलो.

पर्मेलिया. एकटी. तिच्या मागे नुसतं गवत. दूर, पार गाड्यांपलीकडे, स्ट्राउड आणि त्याच्यामागे अख्खा तांडा. पाद्रीसुद्धा.

म्हटलं, सगळ्यांनी सोडलं, पण तू आलीस.

ती म्हणाली, बायकांना मत नसतं म्हणून आले. असतं तर तिकडेच उभी असते. चला आता, लोक खोळंबलेत.

एवढं बोलून ती वळली. मी तिच्या मागोमाग चालू लागलो.