न सुटलेले पदर

बसवनगुडी, १२ मे १९६३

चि. प्रमोदिनीस,

सागवानी पोळपाट, शिसवी लाटणं, पितळी झारा आणि तुझा पाळणा मी माझ्या हातांनी केला. चिरोटेही कुणी शिकवले नाहीत, मैदा नासवत शिकलो.

तुझ्या लग्नाला मी आलो नाही. संध्याकाळी शेजारचे सुब्बाराव पानात बांधून तिथला एक चिरोटा घेऊन आले.

"स्वल्प खा, अण्णा. मुलीच्या लग्नाचा आहे."

मी आधी पदर पाहिले. चिरोटा मधोमध हलका लाटायचा असतो. तुमच्या लग्नातल्या आचाऱ्यांनी कडा दाबल्या होत्या, म्हणून तळताना पदर सुटलेच नव्हते.

"आजही परीक्षाच घेताय?" सुब्बाराव म्हणाले. इथल्या रीतीने वर बदामाचं दूध घातलं, एक घास खाल्ला आणि उरलेला पानात परत बांधून ठेवला.

जातीबाहेर लग्न केलंस म्हणून मी रुसलो, असं तू समजतेस. हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही, म्हणून खरं लिहितो. तुझे सासरे श्रीधरराव आले, तेव्हा मी तुझ्याच लग्नासाठी तूप आणि तांदळाच्या पिठाचा साटा फेटत होतो. ते म्हणाले, "खर्च सगळा आमचा. तुम्ही फक्त पाचशे चिरोटे करा. मजुरी दीडशे रुपये." लेकीच्या लग्नात बापाला मजुरी! मी नाही म्हटलं, आणि लग्नालाही आलो नाही.

तुझा अण्णा