मीराचा रिपोर्ट

१८ नोव्हेंबर, मंगळवार. शाहपुरा.

आज इंद्रपुरीला आईकडे गेले होते. माझ्या धाकट्या बहिणीचा, मीराचा, डबल मार्करचा रिपोर्ट आला. बाळाला डाउन सिंड्रोम असण्याची शक्यता कमी. आई हात जोडून म्हणाली, "सुटलो बाई."

सुटलो. कशातून? समोरच माझी पाच वर्षांची रेवा खेळत होती, डाउन सिंड्रोम असलेली. माझ्या वेळीही रक्ताच्या याच तपासणीत शक्यता कमीच आली होती. मीही तेव्हा निर्धास्त झोपले होते. मीराची झोप मात्र बहुतेक खरी ठरेल. हेवा वाटला. सख्ख्या बहिणीचा, तोही असल्या गोष्टीत? पण वाटला.

मीरा म्हणाली, "आई, असं नको ना बोलूस." मग रेवाचा हात तिने आपल्या पोटावर ठेवला. "इथे कोण आहे?"

"माझं बाळ," रेवा म्हणाली.

निघताना रेवा यायलाच तयार नव्हती. "ताई, राहू दे तिला आज," मीरा म्हणाली. मी एकटीच परतले. वाटभर आईचं ते 'सुटलो' कानात. रिपोर्ट मीराचा, आणि आज माझी मुलगीही तिच्याच कुशीत. आता नेमका कशाचा हेवा वाटतोय, माझं मलाच कळत नाहीये.