मी पारंपरिक नाही

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

काय वं वही, काल काय सांगितलं ते आठवते का? नाही ना! तुझ्या पोटात निळ्या शाईनं लिहून ठेवलं, तरी सकाळी कोरं तोंड करून बसते. मले एक अक्षर येत नाही, पण पन्नास वर्षांआधीचं गाणं एकही ओळ न चुकता म्हणून दाखवीन. तर ऐक पुन्हा. या खेपेले ध्यान दे.

माझा नातू प्रशिक 'राखड' सोडून आला. राखड म्हणजे त्यांचा बँड — पाच पोरं, गिटारी, ड्रम, आणि कानठळ्या. कोराडीच्या वीजघराच्या चिमणीतून उडते ना ती राखड, तिचं नाव! मी म्हटलं होतं, काही चांगलं ठेवा गा, 'चांदणं' वगैरे. ऐकते कोण! सहा वर्षं गायला हा तिथं. आता मुंबईची एक कंपनी त्यांचा पहिला मोठा अल्बम काढणार, आणि हा ऐन वेळी घरी येऊन बसला. काहून? सांगत नाही. त्याच्या मायले, भावनाले विचारलं. "आई, मले तरी कुठं सांगते तो!"

बाकी जगाले मात्र सारं माहीत आहे! प्रेमिला — शेजारची, रिटायर मास्तरीण, मी बोलते अन् ही लिहिते — तिनं फोनवरून वाचून दाखवलं. राखडच्या चाहत्यांनी फोनमध्ये एक अड्डा केला आहे, तिथं दिवसभर हाच धंदा. एक म्हणते प्रशिकच्या घशाचं ऑपरेशन आहे. एक म्हणते पोरीचं लफडं आहे. (असतं तर बरं झालं असतं, सव्वीसचा झाला.) एकानं तर हद्द केली. बँडनं टाकलेल्या फोटोत दारासमोर पाच जणांचे बूट आहेत, अन् त्यातला एक उलटा पडला आहे. म्हणजे म्हणे हा इशारा! बूट उलटा, तर भांडण झालं!

हे शकुन-अपशकुन आम्ही छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हाच सोडले. मी आठ वर्षांची होती, मायचा पदर धरून. आता इंजिनेरिंगची पोरं उचलून राहिली.

बुधवार, ३ डिसेंबर

प्रशिक जेवला नाही. "काहून गा?" "काही नाही, आजी." काही नाही म्हणजे लय काही.

शुक्रवार, ५ डिसेंबर

आज डोकं फिरलं आहे. प्रेमिला, हळू लिही, पण जोर देऊन लिही.

अड्ड्यावर पोराले गद्दार म्हणून राहिले. "पैशापायी गेला." "स्वतःले मोठा समजते." मी एक उत्तर सांगितलं, प्रेमिलानं टाकलं नाही. "कौतिकाबाई, असे शब्द मी लिहीत नाही." चाळीस वर्षं शाळेत शिकवून हिले अर्धी मराठीच येते!

मग कंपनीनं टाकलेली गाण्यांची यादी वाचाले घेतली. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथं — 'छाट'. मी तर खुश! माझं गाणं! ओट्यावर बसून मीच शिकवलं होतं प्रशिकले, दहा वर्षांचा असताना.

"पुढं कोणाचं नाव आहे वं?"

प्रेमिलानं चष्मा काढून पुसला.

"वाच ना!"

"गीत, पारंपरिक."

"म्हणजे?"

"म्हणजे... कोणी केलं ते माहीत नाही. जुन्या लोकांचं. मागून चालत आलेलं."

"मेलेल्यांचं?"

"तसंच समजा."

मी उठली. आरशात पाहून आली. आहे!

वही, तुले हेही माहीत नसंल, तर लिहून घे. माझा नागसेन, प्रशिकचा बाप, पोटात होता तेव्हाचं गाणं आहे. आम्ही विड्या वळत होतो. ठेकेदार विड्यांचे कट्टे हातात घेऊन पाहे, अन् मनात येईल तो बाजूले फेके — हा बारीक, हा ढिला. त्याले छाट म्हणत. छाट गेली की त्या विड्यांची मजुरी गेली. आणि संध्याकाळी तोच बुवा दाराआड उभा राहून छाटीतली विडी ओढे! मी डोळ्यानं पाहिलं. दुसऱ्या दिवशी सुपात तंबाखू घेऊन बसली, अन् वळता वळता गाणं झालं.

टाकली विडी तू छाट म्हणुनी,
तीच तू ओढशी दाराआडुनी!

महिन्याभरात साऱ्या बस्तीच्या तोंडात बसलं. ठेकेदार गल्लीत आला की पोरंटोरं सुरू! आणि मी पारंपरिक!

शनिवार, ६ डिसेंबर

आज बँडचं नाव काढायचं नाही. विहारात जाऊन मेणबत्ती लावली. पाय दुखले, तरी पूर्ण वेळ उभी राहिली.

रविवार, ७ डिसेंबर

प्रशिक माझ्या पलंगाशी येऊन खाली बसला. लहानपणी काच फोडली की असाच बसे.

"आजी, ते पारंपरिक मीच लिहिलं होतं."

सहा वर्षांआधी कॉलेजच्या स्पर्धेत फॉर्मवर कवीचं नाव मागितलं. यानं लिहिलं पारंपरिक. आणि शेवटचं कडवं गाळून गायला. मग जिथं जिथं गायला, तिथं तेच.

"काहून?"

"मले वाटलं विचारतील, कौतिका कोण, काय शिकली, काय करे. लोक हसतील."

"कोणाले हसतील? मले का तुले?"



शेवटचं कडवं गाळलं म्हणजे का केलं, ते प्रेमिलालेही सांगा लागलं. आमच्या गायन पार्टीत गाणं कोणाचं हे कागदावर नसे. कागद होता कोणापाशी! जिनं गाणं केलं, तिनं शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचं. तीच सही. गाणारा कोणीही असो, शेवटी नाव घ्याच लागे. माझं असं आहे —

कौतिका सांगे, धूर घे तू सारा,
बोटांत माझ्या राहिला निखारा!

आता अल्बमच्या वेळी पोराले त्याच्याच मनानं खाल्लं. कंपनीले खरं सांगितलं — गाणं माझ्या आजीचं आहे, नाव लिहा, शेवटचं कडवं घ्या. कंपनी म्हणाली, लिहिलेलं दाखवा. वही, तारीख, सही. नाही? मग पारंपरिकच राहू द्या. अन् ते नावाचं कडवं नको, गाणं लांबते, जुनाट वाटते. बँडमधली पोरं म्हणाली, एका कडव्यापायी सहा वर्षं वाया घालवतं का बे? हा उठून आला.

झापड द्यावी का पाठीवर हात ठेवावा, कळलं नाही मले. दोन्ही केलं. झापड पहिले.

मी रडली नाही. प्रेमिला रडली. हे लिहू नका म्हणते, पण वही माझी आहे.

मंगळवार, ९ डिसेंबर

दोन दिवस एकच गोष्ट डोक्यात. माझी सही गाण्यात होती. ती आधी माझ्याच नातवानं कापली, मग कंपनी म्हणते सही कुठं आहे!

अन् प्रशिक म्हणते, "जाऊ दे आजी, मी सोडलं ना बँड." वा रे वा! तू सोडलं म्हणून माझं गाणं मले वापस भेटलं का? ते तर तिथंच राहिलं, पोरकं.

कागद नाही माझ्यापाशी. पण पार्बता आहे, माझ्यासंग विड्या वळणारी. ब्याऐंशीची. सकाळी चहा घेतला का नाही ते तिले आठवत नाही, पण 'छाट' म्हण म्हटलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत, माझ्या नावासकट. अजून दोघी आहेत, त्याही माझ्याच सुपाशी बसून विड्या वळत. तिघींच्या घरी निरोप धाडला. "चांगलं लुगडं नेस, मनीषनगरले जायचं आहे."

गुरुवार, ११ डिसेंबर

गेलो! एका ऑटोत चार म्हाताऱ्या अन् पुढं ड्रायव्हरजवळ प्रेमिला. ऑटोवाला विचारते, "आजी, लग्नाले का?" मी म्हटलं, "नाही गा, भांडाले." त्यानं ऑटो अजून जोरात हाणला.

बँडची खोली म्हणजे एका घराचं गॅरेज. भिंतींले अंड्यांचे ट्रे चिकटवले आहेत. मी म्हटलं, कोंबड्या कुठं आहेत? चार पोरं घाबरून उभी. त्यातला साहिल, ड्रम वाजवणारा, बँडचा म्होरक्या. पाया पडाले आला.

"पाया नंतर पड. आधी बस अन् ऐक."

वाजा नाही, पेटी नाही. पार्बतानं स्टुलावर बोटातलं वळं ठोकून ताल धरला. आम्ही म्हटलं. सहाही कडवी. तिसऱ्या कडव्यापासून साहिलनं हळूच काड्या उचलल्या, आमच्या खालून वाजवत राहिला, आमच्यावर नाही. एकानं फोन समोर धरला. शेवटी चौघींनी माझं नाव घेतलं. पार्बतानं तर माझ्याकडं बोट दाखवून घेतलं, कोर्टात दाखवते तसं!



मग साहिल म्हणाला, "आजी, हे कडवं प्रशिकनं एकदाच म्हणून दाखवलं होतं. भांडणात. भांडणात कोण ऐकते!"

"हा माझा कागद," मी म्हटलं. "चार पानांचा. एक पान थोडं बहिरं आहे."

त्यानं तिथूनच कंपनीले फोन लावला. पलीकडचा माणूस लय गोड. "आजींचं नाव आपण विशेष आभारमध्ये टाकू ना!" मी फोन हाती घेतला. "आभार काहून गा? मी का मांडव भाड्यानं देला तुम्हाले?" फोन कटला. नेटवर्क गेलं असंल!

सोमवार, १५ डिसेंबर

पोट दुखून राहिलं हसून.

साहिलनं कोणाले न विचारता शेवटचं कडवं फोनवर सोडलं. नुसते आम्हा चौघींचे आवाज अन् त्याचा ताल. खाली एक ओळही लिहिली नाही. अड्डा पेटला!

कौतिका कोण? साऱ्यांनी ठरवलं, प्रशिकच्या जागी आलेली नवी गायिका. शेवटच्या ओळीत कवीचं नाव येते, हे एकाही शहाण्याले ठाऊक नाही. एक म्हणते आवाज मुद्दाम मशीननं म्हातारा केला. एक म्हणते चार आवाज म्हणजे चार नवीन मेंबर. अन् कोणीतरी पुण्याची एक खरीच कौतिका शोधून काढली, नाचाचे व्हिडिओ टाकते. हजारो लोकांनी तिचं अभिनंदन केलं. तिनंही थँक्यू म्हटलं!

प्रशिक मोठ्यानं हसला. मग दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. भावनानं माझ्याकडं पाहिलं, मी तिच्याकडं. बोललो नाही, नजर लागते. (आम्ही हेही सोडलं आहे, पण तरी.)

शुक्रवार, १९ डिसेंबर

कंपनीचं पत्र आलं बँडले. ते कडवं फोनवरून काढा, गाणं पारंपरिक म्हणूनच जाईल. नाहीतर अल्बम बंद. सोमवारपर्यंत सांगा.

अड्ड्यावर लिहून राहिले, राखड संपली.

प्रशिक म्हणाला, "आजी, मी साहिलले सांगतो, काढून टाक."

"खबरदार!" मी म्हटलं. "एकदा गाळलं तेव्हा मले माहीत नव्हतं. आता माझ्या डोळ्यासमोर गाळशील?"

तो गेला. मग बसून राहिली. चार पोरांची सहा वर्षं, अन् माझ्या दोन ओळी. त्यांच्याही माया घरी वाट पाहत असतील, अल्बम कधी येते म्हणून. हे प्रेमिलाले लिहू दिलं, मोठ्यानं वाचू दिलं नाही.

तरी मी हो म्हणणार नाही. मी मेल्यावर काय लिहाचं ते लिहा. जिती असताना माहीत नाही कोणाचं, असं लिहू देणार नाही.

सोमवार, २२ डिसेंबर

साहिलचा फोन नाही. मी वाट पाहून नाही राहिली.

प्रेमिला म्हणते, तीनदा विचारलं तुम्ही. खोडून टाक म्हटलं, ऐकत नाही.

मंगळवार, २३ डिसेंबर

सकाळी भावनानं दार उघडलं तर साहिल अन् तिघं, ड्रम डोक्यावर घेऊन! कंपनी सोडून आले. अड्ड्यावाल्यांचा अंदाज साफ चुकला: गेला तो एक नाही, पाचही गेले. अल्बम आता आमच्या समोरच्या खोलीत होऊन राहिला. माझा पलंग अंगणात, पार्बता माइकसमोर, अन् प्रशिक मागच्या रांगेत. गाणं त्याले माझ्यापाशी पुन्हा पहिल्यापासून शिका लागते.

प्रेमिला, लिहिणं ठेव आता अन् पारशिवनीले माझ्या लेकीले, नंदिनीले फोन लाव. सांग, माय म्हणते इथं आठ दिवस कुकर बंद ठेवायचा आहे, शिटी गाण्यात येते. दहा माणसं आहेत. उद्याच्या एसटीनं तुरीच्या ओल्या सोल्याची भाजी पाठव — दाणे कच्चे नको, शिजवूनच — अन् ज्वारीच्या तीस भाकरी. तिखट कमी करू नको.