उत्तरावर पंजा

॥ श्री ॥
कराड, १२ सप्टेंबर १९७४

चि. अर्जुना यास,
सयाजीची आई शालूबाई हिचे अनेक आशीर्वाद.

सयाजीची ट्रंक काल तुमच्या होस्टेलवरून पोचली. कपडे निवडले. तळाशी फिजिक्सच्या सोडवलेल्या गणितांचं पुस्तक निघालं. पहिल्या पानावर तुम्हा दोघांची नावं आहेत, म्हणजे निम्मं तुझं. विषमज्वरानं पोरगा नेला, त्यापुढं कुणाचं चाललं नाही. पण दुसऱ्याची वस्तू घरात अडकवणं देवाला रुचायचं नाही. मार्चात तुझी परीक्षा. पोस्टानं लावून देऊ का?

खानावळीत दुसरी भाकरी मागायला लाजत जाऊ नकोस. सयाजी सांगायचा, तुझ्यापरीस तुझी सावली जाड.

माया होती तशी राहू दे.
शालूकाकू

विश्रामबाग, सांगली
२० सप्टेंबर

ती. काकूंस,
अर्जुनाचा शि. सा. नमस्कार.

पुस्तक धाडू नका. आम्ही दोघं बसायचो तेव्हा सयाजी गणित वाचायचा अन् खालच्या उत्तरावर पंजा ठेवायचा. मी अडलो की एकच ओळ उघडायचा, वर म्हणायचा, गड्या, मेंढरं मोजताना बी उत्तर बघूनच मोजतोस व्हय रं. त्याची पाळी आली की मी झाकायचो. तो गेल्यावर एकटा बसून बघितलं. दोन मिनिटांत डोळा खाली जातो. वाचताना सगळं कळलंसं वाटतं, कोरा कागद घेतला की काही सुचत नाही. चाचणीत नापास झालो.

आण्णा म्हणतात, तुझ्या बापाची मेंढरं बीएस्सी न्हाईत, पर उपाशी बी न्हाईत; दिवाळीला माघारी ये. जावं म्हणतोय.

आशीर्वाद असू द्यावा.
आपला अर्जुना

कराड, २५ सप्टेंबर

चि. अर्जुना यास, आशीर्वाद.

जायचं नाही. पुस्तक माझ्याकडं राहील. देवपूजा झाली की रोज एक गणित कार्डावर उतरवून धाडीन, उत्तर इथंच. तू सोडवून पाठव. मॅट्रिकपुरतं इंग्रजी मला येतं. त्यातलं शास्त्र कळत नाही, पण आकड्याला आकडा अन् चिन्हाला चिन्ह लावून बघता येतं; घरचा जमाखर्च मीच ताडून बघते. अडलास तर तसं लिही, पुढची एक ओळ कळवीन. दोन मागितल्यास तर मिळायच्या नाहीत. माझा हात किती आखडता, ते सयाजीच्या वडिलांना विचार.

तुझ्या आण्णांना माझा नमस्कार, अन् मार्चपर्यंत थांबा म्हणावं.
शालूकाकू

विश्रामबाग, ९ जानेवारी १९७५

ती. काकूंस, शि. सा. नमस्कार.

बर्फाचं गणित काल पुन्हा आलं. महिनाभर उष्णतेचीच गणितं येतायत, काही तर तिसऱ्यांदा. आता झोपेतसुद्धा सुटतील. पण परीक्षा दोन महिन्यांवर आली आणि विजेच्या प्रकरणातलं एकही आलेलं नाही. सर म्हणतात, विजेवाचून पास होणं अवघड. अन् नापास झालो तर आण्णा आता थांबायचे नाहीत. पुढची पानं फाटलीत का? राग मानू नये.

आपला अर्जुना

कराड, १४ जानेवारी

चि. अर्जुना यास, आशीर्वाद.

पानं शाबूत आहेत. गणित सुटलं की सयाजी त्याच्या आकड्यापाशी पेन्सिलीनं बारीक टिंब करायचा. उतरवताना ते दिसायचं. तो पुढं चाललाय अन् मी मागनं, असं वाटायचं. उष्णतेच्या शेवटी टिंबं संपली. पुढं विजेचं पान, त्यावर एकही टिंब नाही. ते उलटलं तर पोरगा मागं राहील, असं झालं. मग पोथी संपल्यावर पुन्हा पहिला अध्याय धरावा, तसं मी उष्णतेचंच परत पहिल्यापासून धरलं. तुझी परीक्षा ठाऊक असून धरलं.

आज पूजेनंतर पान उलटलं. सयाजीचे वडील शेजारी येऊन बसले. मग लिहायला घेतलं.

बारा सारख्या तारांचा घन केलाय, आकाशकंदिलाच्या सांगाड्यासारखा. एका कोपऱ्यातून वीज आत, सगळ्यात लांबच्या कोपऱ्यातून बाहेर. एका तारेचा रोध एक ओहम, तर सबंध घनाचा किती? इंग्रजी मजकूर मागं उतरवलाय.

हे त्यानं बघितलेलं नाही. तू सोडव. उद्या दुसरं निघेल.

शालूकाकू