सायकलपट्ट्यावरचे गोटे

रिसोड
गुरुवार, ६ नोव्हेंबर २०२५

बाई,

पाया पडतो. तू पाय मागं घेशील, तरी पडतो. फोन तू उचलून नाई राह्यली, म्हणून चिठ्ठी. शाळा सुटली तवापासून म्या कोनाले चिठ्ठी लिवली नाई, चुकलंमाकलं सांभाळून घेजो.

इकडची खुशाली बरी हाये. वांगे लागले, सांबार-कोथिंबीर चांगली निघाली, तुयी भावजय निता रोज मेथीच्या जुड्या बांधते. राधिकाचा हात अजून पलस्तरातच हाये. समोरचे दोन दात गेले ते गेलेच. हसाचं बंद केलं पोट्टीनं, बोलते तं तोंडावर ओढणी धरते.

भाऊजी कसे हायेत? जबडा तारांनी बांधला, नळीनं दूध देऊन राह्यले, एवढं ऐकलं. उजवा डोळा राह्यला का गेला, हे मले कोनी धड सांगत नाई.

तू म्हणशील, मंग दवाखान्यात काहून नाई आला? आलतो वं. मंगळवारी अकोल्याले आलतो, गेटापर्यंत. तू नळाजवळ बसून भाऊजीचं धोतर पिळून राह्यली होती. पानी लाल निघत होतं. मी तसाच मागच्या मागं फिरलो. भेकडासारखा.

त्या सायकलपट्ट्यानं आपल्या दोन घराईत जहर कालवलं. दोन वर्षाआधी मेन रोडच्या कडंनं तो हिरवा पट्टा काढला तवा मले केवढा आनंद झालता! शिवारातून सायकलवर माळवं आननारे आमी, कॉलेजच्या पोरी, कामावर जानारे मजूर, साऱ्याईले जीव मुठीत धरून जा लागे. ट्रक अंगावर येत. पन भाऊजीचं हार्डवेअरचं दुकान पट्ट्याच्या बरोब्बर समोर. गिऱ्हाइकाची गाडी दुकानापुढं लागनं बंद झालं, सिमेंटची थैली खांद्यावर कोन नेते बाप्पा? त्यायचंही खोटं नोहतं. म्या तवा ते कबूल केलं नाई. मी ‘पट्टा बचाव’वाल्याईचा म्होरक्या, ते ‘पट्टा हटाव’वाल्याईचे. भाऊबीजेले तू मले ओवाळलं, भाऊजी दुकानातून उठलेसुदा नाई.

त्याच्या दोनच दिवसानं राधिका पडली. दिवेलागणीले क्लासवरून येत होती, पट्ट्यावर गोटे होते, सायकल उधळली. कडेच्या सिमेंटवर तोंड आपटलं. उचलाले मीच गेलतो. पोट्टीच्या तोंडातून रक्त आन् शब्द संगंच येत होते, “बाबा, गोटे... बाबा, गोटे...”

दुसऱ्या दिवशी चौकात बोभाटा झाला का दुकानदाराईनंच गोटे टाकले, पट्टा बदनाम कराले. आमच्या पट्टा बचाववाल्या फुलसिंगनं मले इचारलं, “दादा, तुले काय वाटते?” मी म्हनलो, “त्यायच्याशिवाय कोन करनार?” बाई, हे वाक्य मायंच हाये. पुढचं सारं त्याच्यातूनच पेटलं.

पट्टा ठुवाचा का काढाचा, याची शनिवारी मंगल कार्यालयात सुनावणी होती. नगरपरिषदेचे साहेब समोर, इकडून आमी, तिकडून दुकानदार. सुरुवातीले बोलनं बरं चाललं होतं. फुलसिंगनं सांगतलं का तांड्यावरून येताना पट्टा हाये म्हणून तो जिता हाये. तिकडून एकानं टोमना मारला, “सायकल इकून फटफटी घे ना मंग!” शिव्या सुरू झाल्या. मी राधिकाले उभं केलं, तिच्या तोंडावरची ओढणी काढली. सारी गर्दी चेकाळली.

तवा भाऊजी उठले. मोठ्यानं नाई बोलले. मायाजोळ आले आन् म्हणे, “रंगराव, खाली बस. ते गोटे कोनाचे हायेत, तू सांगतं का मी सांगू?”

माया हातात लोखंडी खुर्ची कवा आली, मले मालूम नाई, असं मी पोलिसाले सांगू शकतो. तुले नाई सांगू शकत. मले मालूम हाये. म्या ती घडी करून उचलली. पहिला घाव तोंडावर घातला. कपाशीची वाळली पऱ्हाटी मोडावी तसा आवाज झाला. दुसरा डोळ्यावर. तिसरा घातला तवा ते खाली पडले होते, हात आडवा धरून. पडलेल्या मानसाले मारलं, बाई. त्या हातावर मारलं.

मंग कोनी कोनाचं राह्यलं नाई. खुर्च्या, गज, इटा, जे भेटलं ते. फुलसिंगचं डोक्शं फुटलं. दुकानदाराच्या एका पोट्ट्याले पायरीवरून फेकलं, त्याची मांडी मोडली. आमचे लोकं रोडवर उतरले आन् तुमचं दुकान फोडलं, रंगाचे डबे रोडवर उलथवले, काउंटरले आग लावली. मी पाहत होतो. एका शब्दानं थांबवलं असतं तं थांबले असते, माया शब्द होता तेवढा. म्या तो शब्द काढला नाई.

दुसऱ्या दिवशी लोकाईनं मले हार घातला. पट्टा काढाचं तूर्त थांबलं. चौकात राधिकाच्या फोटोचा फलक लागला. लोकं म्हनतेत, बाप असावा तं असा, लेकरासाठी सख्ख्या बहिणीच्या नवऱ्याले सोडलं नाई.

खोटं हाये ते. ते गोटे माये होते.

पानी पडून सोयाबीन भिजलं होतं, शेतात चिखल. पट्टा गुळगुळीत, दिवसभर ऊन. म्या तिथंच वाळू घातलं, सारेच घालतेत. कोनी सायकल घालू नये म्हणून चारीकडून गोटे मांडले. सांजच्याले सोयाबीन भरलं आन् गोटे तसेच ठुले, सकाळी पुन्हा टाकाचंच हाये म्हणून. पाच-सहा दिवस असंच केलं. रोज सकाळी ते गोटे तुमच्या दुकानाच्या पायरीखाली रचलेले दिसत. कोन उचलते, म्या इचारलं नाई. इचारलं असतं तं भाऊजीचे उपकार घ्या लागले असते ना! राधिका पडली त्या दिवशी तुमी दोघं शिरपूरले सोयरिकीले गेले होते. दुकान बंद होतं. गोटे कोनी उचलले नाई.

सभेत भाऊजीच्या तोंडातून तेवढंच निघनार होतं, आन् राधिका बाजूले उभी होती. म्या पोरीसाठी नाई मारलं, बाई. त्यायचं तोंड बंद कराले मारलं. आन् त्या मानसानं पोलिसाले कागदावर काय लिवून देलं? “गर्दी होती. कोनं मारलं दिसलं नाई.” हवालदारानंच मले सांगतलं, हसत.

तरी गप बसलो असतो, खरं सांगतो. पन काल जेवताना राधिका म्हणे, “आत्याच्या दुकानाले आग लागली, बरंच झालं. त्यायचा डोळाही गेला पायजे.” सोळा वर्षाची पोट्टी, वरन-भात कालवत बोलली. मायं पाप तिच्या तोंडातून बोलून राह्यलं होतं.

तिच्या तोंडाकडं पाहून सांगाची मायी हिंमत झाली नाई. म्हणून ही चिठ्ठी टपालात टाकत नाई. राधिका आन् निता पलस्तर दाखवाले आज दहाच्या एसटीनं अकोल्याले येऊन राह्यल्या. राधिकाले सांगतलं का आत्याले चिठ्ठी दे. पाकीट चिकटवलं नाई, आन् रस्त्यात वाच असंही सांगतलं. तुयासमोर उभी राहील तवा तिले सारं मालूम असन. लय रडन. तिले जोळ घे, तिचा काही कसूर नाई.

त्यायची गाडी सुटली का मी ठाण्यात जातो. पट्टा गेला तं जाऊ दे, नाई, पट्टा जाऊ नये, पन माया खोट्यावर राहू नये. भाऊजीले म्हना, आता कोनाले वाचवू नका, मायं नाव लिवा. तू माफ कर असं म्या लिवलं नाई, लिवनारही नाई. फक्त त्यायचा डोळा राह्यला का गेला, तेवढं जेलात कळव.

तुया कपाळाच्या कुकवावर वार करनारा,
रंगराव