जुईलीच्या वडिलांसाठी शिजवलेला राजमा

पिरंगुट, सोमवार, २१ जानेवारी २००२

ती. सौ. आशाताईस,

धाकट्या निषादचा साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावजींचा खोकला थांबला का? मी खुशाल आहे, म्हणजे प्रकृतीने आहे; पुढचं वाचताना शक्यतो खाली बस.

जुईलीचे वडील रविवारी माझी चौकशी करायला येणार, असं तू कळवलं होतंस. (मुलगी मला किती आवडली आहे ते तुला माहीत आहे, पुन्हा लिहायला लावू नकोस.) म्हटलं, एवढ्या लांबून येणाऱ्या माणसाला नुसता चहा काय द्यायचा? कंपनीने मला अमेरिकेत, जॉर्जियात पाठवलं होतं, तेव्हा शेजारच्या आजीबाई दर रविवारी धुरावलेलं मटण घालून राजमा शिजवायच्या, मंद आचेवर, चांगला तीन तास. (त्यांचं मटण कसलं होतं ते भावजींना सांगू नकोस.) घरच्या आठवणीने माझ्या घशाखाली घास उतरत नसे, तेव्हा त्या पातेल्याने मला सांभाळलं. तोच राजमा बोकडाच्या मटणात करायचं ठरवलं.

राजमा रात्रीच भिजत घातला. अडलं ते धुरापाशी. मग सकाळी घरमालकीण सगुणाबाईंकडे शेगडी आणि दोरीची बाज मागितली. बाजेखाली शेगडी, बाजेवर पापडाची जाळी आणि जाळीवर मीठ चोळलेलं मटण, असा माझा बेत. तीन-चार तास धुरी द्यायची आहे एवढंच त्यांना सांगितलं. मटणाचं नाव काढलं असतं तर पाहुण्यांआधी अर्धी आळी चव बघायला आली असती. सगुणाबाई माझ्याकडे बघतच राहिल्या. "आन् इतके दिस बोल्ला न्हाईस व्हय रं?" म्हणाल्या, आणि निखाऱ्यांसोबत ओवा, शेपा, लसणीची सालंही देऊन गेल्या. मला वाटलं, बाईंना स्वयंपाकातलं बरंच कळतं. सगळं निखाऱ्यांवर टाकलं आणि कुत्री येऊ नयेत म्हणून दार लावून घेतलं.

ताई, तुझी दोन्ही बाळंतपणं आपल्याच घरात झाली. बाजेखालची शेगडी, तो ओव्याचा धूर, सगळं मी पाहिलेलं आहे. पण माणूस मटणात गुंतला की त्याला दुसरं काही सुचत नाही. आळीला मात्र लगेच सुचलं.

बाराच्या सुमारास दार वाजलं. बाहेर सात-आठ बायका, अगदी हलक्या आवाजात बोलत उभ्या. शेजारच्या गोजराबाईंच्या हातात डिंकाचे लाडू, आणखी कुणाकडे कुंची. मी अमेरिकेतून मडम आणून खोलीत लपवली आणि ती आज बाळंत झाली, हे एव्हाना पक्कं झालं होतं. गोजराबाई मला बाजूला सारून आत गेल्या, बाजेवर वाकल्या आणि ओरडल्या, "आगं बया, ह्ये तर मटान हाय!"

संध्याकाळी राजमा झाला, पाहुण्यांचा मात्र पत्ता नव्हता; मग तो सगळ्या आळीने मिळून संपवला. सगुणाबाईंचे यजमान गेणबा तीन वाट्या खाऊन म्हणाले, "झ्याक झालंय, पर बाळंतिणीचा वास येतुया." मग मिशा पुसत सांगितलं, "सकाळी येक पाव्हणं तुजं घर इचारत हुतं. म्या म्हनलं, आज न्हाई जमायचं, घरात बाळंतीण हाय. गेलं की आल्या बशीनं माघारी!"

ताई, ते पाव्हणं म्हणजे जुईलीचे वडील!

तुझा,
निषाद

ता. क. – पत्र खरं तर याचसाठी; फोनवर हे सांगायची हिंमत झाली नाही. तू लगेच जुईलीकडे जा. माझ्या घरी बायको नाही, बाळ नाही, फक्त मटण होतं, हे तुझ्या तोंडून ऐकलं तरच तिचे वडील मानतील. हवं तर खोली येऊन तपासा म्हणावं.

ता. क. २ – पाकीट चिकटवलेलं पुन्हा फोडलं. गेणबांनी त्याच सकाळी एसटीडी बूथवरून तुलाही फोन केला होता, हे आत्ता कळतंय! पण तू म्हणे एका शब्दानं रागावली नाहीस. जरा वेळ रडलीस आणि एवढंच म्हणालीस, "दोघांना थंडीत जपा, आणि नाव मी ठेवणार." ताई, बाळ नाही गं. पण नाव काय काढलं होतंस ते कळव. जुईली हो म्हणाली, तर लागेल.