शुक्रवारचं काम

डेल्फ्ट, हॉलंड
१२ ऑक्टोबर १९९७

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि त्यातला देवीचा अंगारा पोचला. पण त्याआधीच ऑफिसातल्या श्रीविद्याने कॉम्प्युटरवरून चहाडी केली. दर शुक्रवारी बनशंकरीच्या देवळातून निघालीस की तू आमच्या ऑफिसात डोकावतेस म्हणे, आणि रक्षिताचं काम आलं का, असं विचारतेस. अगं, ती पोरगी तिथे माझं काम उतरवून घ्यायला बसलीय, माझी खुशाली सांगायला नाही. सगळे हसतात.

माझंही त्रांगडंच आहे म्हणा. गिरीराजचं शिक्षण इथे म्हणून संसार हॉलंडात, आणि नोकरी मात्र अजून बेंगळूरची. काम फोनच्या तारेतून तासाभरात तिकडे पोचतं, पत्राला दहा-बारा दिवस लागतात.

पाचवा लागलाय. बाळ आता चांगलं ढुशा देतं. सातव्यात येतेच आहे, बाळंतपण तुझ्याच हातून व्हायचंय. अण्णांना नमस्कार. रागावू नकोस, माया आहे तशीच ठेव.

तुझी,
रक्षिता

चामराजपेट, बेंगळूर
शुक्रवार, ७ नोव्हेंबर १९९७

चि. सौ. रक्षितास,
अनेक आशीर्वाद.

हसू देत ऑफिसातले. मला काय त्याचं? पत्रात तू बारा दिवसांपूर्वीची असतेस. काम आलं म्हणजे लेक आज उठली, जेवली, कामाला बसली, एवढं मला कळतं. त्यावर माझा आठवडा निघतो.

आज राहुकाळात देवीपुढे लिंबाचे दिवे लावले आणि ऑफिसात गेले. मला बघूनच श्रीविद्या म्हणाली, बंतु अम्मा, आलं. स्वल्प उशीर झाला म्हणे, पण आलं. माझा जीव भांड्यात पडला. बस सोडली आणि परत देवळात जाऊन हात जोडून आले.

माझ्या जुन्या साड्यांची दुपटी शिवून झाली. अण्णांनी पाळण्याला पॉलिश करून घेतलं आणि आता ओल्या पॉलिशला बोट लावून बघतात, म्हातारचळ दुसरं काय. जिने जपून उतर. जावईबापूंना आशीर्वाद.

तुझी आई

डेल्फ्ट
९ नोव्हेंबर १९९७

ती. आईस,
सा. न.

हे पत्र बसून वाच, अण्णांना मग सांग.

आई, बाळ गेलं. गुरुवारी पोटात कळा सुरू झाल्या, शुक्रवारी पहाटे सगळं संपलं. डॉक्टर म्हणाले, कुणाचीच चूक नाही. मला ते पटत नाही.

दवाखान्यात खाटेवर पडल्या पडल्या एकच डोक्यात होतं, आज शुक्रवार, आई विचारायला जाणार. काम आलं नाही म्हटलं असतं तर तू तशीच शेजारच्या विश्वेश्वरांकडे फोनला धावली असतीस, आणि परक्यांच्या घरात उभं राहून तुला हे ऐकावं लागलं असतं. म्हणून गिरीराजला घरी पाठवलं. अर्धवट राहिलेलं काम त्याने जमेल तसं पुरं करून माझ्या नावावर पाठवलं. तो रडत रडत ते करत होता. हे पत्र तुला पोचेपर्यंत पुढच्या शुक्रवारचंही तोच पाठवेल.

तू त्या दिवशी सुखाने घरी गेली असशील. मीच फसवलं तुला.

तिकीट तसंच आहे. पण पाळणा तयार असलेल्या घरात मी कोणत्या तोंडाने येऊ?

रक्षिता

चामराजपेट
शुक्रवार, २१ नोव्हेंबर १९९७

चि. रक्षितास,
आशीर्वाद.

पत्र वाचलं. अण्णांनी पाळणा स्वतः उचलून माडीवर नेला.

आधी तुझा राग आला. मग माझाच आला. मी त्या ऑफिसची पायरी चढले नसते तर तुला तिथे धड रडता तरी आलं असतं. पोर गेलं तशा अवस्थेत तू माझ्या शुक्रवारची काळजी करत बसलीस. अशी कशी गं तू.

आज देवळात गेले नाही. देवीशी बोलायचं मन नाही. ऑफिसात गेले. श्रीविद्याने सवयीने तोंड उघडलं, मी म्हटलं, सरी, ठीक आहे, पुरे. माझी लेक बरी होईपर्यंत तिच्याकडून काही येणार नाही, आणि कुणी मागायचंही नाही. ती पोरगी रडायला लागली, तिलाच पाणी पाजून आले.

तोंडाचं काय विचारतेस? माहेरी यायला तोंड लागतं का? आहे त्याच तिकिटावर ये. बाळंतिणीसारखंच तुझं सगळं करीन, तेल, शेक, सगळं. तुझंही बाळंतपणच झालंय.

एक मात्र तू लिहिलं नाहीस. मुलगा होता की मुलगी? इथे सगळे म्हणतात, जे आलंच नाही त्याच्यासाठी किती रडशील. मला नातवासाठी रडायचंय की नातीसाठी, तेवढं कळव.

तुझी आई